ईटीएफ स्वस्त, पण कोणासाठी?

“म्युच्युअल फंड म्हणजे दलालांची चंगळ. शहाण्यानं डीमॅट उघडावं आणि सरळ ईटीएफ घ्यावा.” खामगावपासून लोणारपर्यंत, ज्याच्या मोबाइलमध्ये शेअर बाजाराचं अ‍ॅप आहे असा कुणीही तरुण आज हे ऐकवतो. वाक्य यूट्यूबवरून आलेलं असतं आणि यूट्यूबवर ते बहुतेक वेळा अमेरिकेतून. त्याच्या पहिल्या निम्म्याशी माझं फारसं भांडण नाही. दुसऱ्या निम्म्याशी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकानं, दुकानदारानं किंवा शेतकऱ्यानं शेअर बाजाराच्या निर्देशांकात पैसे घालायचं ठरवलं, तर त्यानं इंडेक्स फंडाची डायरेक्ट, म्हणजे दलालाविना थेट घ्यायची, योजना घ्यावी. ईटीएफच्या वाटेला जाण्याचं त्याला काही कारण नाही.

ज्या दोघांत हे भांडण लावलं जातं ते मुळात एकाच घरातले आहेत. ईटीएफ, म्हणजे एक्सचेंज ट्रेडेड फंड, हाही म्युच्युअल फंडच. त्याच्यावर सेबीचीच देखरेख, तसेच विश्वस्त, तसाच कस्टोडियन. निफ्टीचा ईटीएफ आणि निफ्टीचा इंडेक्स फंड या दोघांच्या पोटात तेच पन्नास शेअर असतात आणि त्याच प्रमाणात असतात. फरक फक्त घेण्या-विकण्याच्या दाराचा. इंडेक्स फंडाचं युनिट तुम्हाला फंड कंपनी देते आणि कंपनीच परत घेते, दिवसअखेरच्या एनएव्हीला (एका युनिटमागच्या मालमत्तेच्या किमतीला). ईटीएफचं युनिट बाजारात दुसऱ्या कुणाकडून घ्यावं लागतं, त्या क्षणी जो भाव चालू असेल त्या भावाला. ‘मॅनेजरनं निवडलेले फंड महाग पडतात, म्हणून ईटीएफ घ्या’ असं सांगणारा माणूस मधला इंडेक्स फंड सोयीस्करपणे गाळून टाकतो. मग महागड्या फंडाशी तुलना करून ईटीएफ जिंकतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की समस्त म्युच्युअल फंड हरले.

अमेरिकेतून आलेल्या मुद्द्यांपैकी सगळ्यात वजनदार मुद्दा कराचा. तिथल्या म्युच्युअल फंडाला आतल्या खरेदी-विक्रीतून झालेला नफा दरवर्षी युनिटधारकांच्या नावावर वाटावा लागतो, आणि तुम्ही एकही युनिट विकलं नसलं तरी त्यावर कर भरावा लागतो. ईटीएफ शेअरच्या बदल्यात युनिट अशी अदलाबदल करून ही कटकट बहुतांशी टाळतो. तिथं हा फायदा खरा आहे. आपल्याकडे मात्र म्युच्युअल फंडाच्या योजनेचं स्वतःचं उत्पन्नच करमुक्त असतं. आत कितीही उलाढाल होवो, तुम्ही युनिट विकल्याशिवाय भांडवली नफ्याचा कर लागत नाही. आणि विकल्यावर शेअरच्या इंडेक्स फंडाला जो नियम, तोच ईटीएफला. २३ जुलै २०२४ पासून वर्षभराच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. म्हणजे ज्या कारणासाठी अमेरिकी माणूस ईटीएफकडे वळला, ते कारण मेहकरात लागूच नाही.

राहिला खर्च. इथं मात्र समोरच्याचं म्हणणं आकड्यांत तपासलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. निफ्टीच्या मोठ्या ईटीएफचा वार्षिक खर्च ०.०५ टक्क्याच्या आसपास असतो, तर डायरेक्ट इंडेक्स फंडाचा ०.२० टक्क्याच्या आसपास. फरक ०.१५ टक्क्याचा. लाख रुपयांवर वर्षाला दीडशे रुपये. दरमहा ५,००० रुपये वीस वर्षं भरले आणि परतावा १२ टक्के धरला (धरला, कुणी कबूल केलेला नाही) तर जवळपास ५० लाख होतात. त्यातून ०.१५ टक्का वजा केला तर ४९ लाख. एक लाखाचा फरक वीस वर्षांनी पडतो. तो शून्य आहे असं मी म्हणणार नाही.

पण हाच हिशेब एजंटाकडून घेतलेल्या, मॅनेजरनं शेअर निवडलेल्या रेग्युलर योजनेला लावा. तिथं खर्चातला फरक दीड टक्क्यापर्यंत सहज जातो. परतावा साडेदहा टक्क्यांवर आला की तेच ५० लाख ४१ लाखांवर येतात. नऊ लाखांची गळती तिकडे चालू आहे, आणि आपले तरुण एका लाखासाठी डीमॅटचं युद्ध लढताहेत.

शिवाय तो एक लाखही कागदावरचा. ईटीएफचं युनिट अख्खंच घ्यावं लागतं. महिन्याला ५०० रुपये टाकणाऱ्याला पावणेतीनशे रुपयांचं एक युनिट मिळेल आणि सव्वादोनशे रुपये खात्यात नुसते पडून राहतील. इंडेक्स फंड त्याच ५०० रुपयांचं दशांशात युनिट देतो, सगळे पैसे कामाला लागतात. ईटीएफ विकताना डिपॉझिटरीचं शुल्क प्रत्येक विक्रीला लागतं, एक युनिट विका की शंभर. ब्रोकरेज ब्रोकरप्रमाणे वेगळं. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात जो फरक असतो, तो तर कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो. एक गोष्ट मान्य: चार लाखांपर्यंतच्या बेसिक डीमॅट खात्याला सप्टेंबर २०२४ पासून वार्षिक शुल्क नाही. तो भार हलका झाला, बाकीचे राहिले.

खरा मुद्दा मात्र भावाचा आहे, आणि तो या जिल्ह्याला शिकवावा लागू नये. २०२५-२६ साठी केंद्र सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. त्या हंगामात चिखली, मेहकर, खामगावच्या बाजार समित्यांत माल घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा की हातात किती पडले. जाहीर झालेला आकडा आणि त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या खरेदीदारानं दिलेला भाव यांतलं अंतर ज्याला कळतं, त्याला ईटीएफची एनएव्ही आणि ईटीएफचा बाजारभाव यांतलं अंतरही कळलं पाहिजे. एनएव्ही म्हणजे आतल्या मालाची किंमत. ईटीएफ त्या किमतीला मिळेलच, असं बंधन बाजारावर नाही. मोठे व्यवहार करणाऱ्या संस्था साधारणपणे ही दरी बुजवतात. निफ्टीच्या मोठ्या ईटीएफमध्ये ती काही पैशांपुरतीच राहते, हेही खरं. पण त्या बुजवणाऱ्यांना मालच मिळेनासा झाला की काय होतं, ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं. आणि तेही चांदीत.

खामगाव ही रजतनगरी. इथल्या चांदीच्या शुद्धतेवर लांबलांबचे लोक विश्वास ठेवतात, आणि इथला गिऱ्हाईक टंच किती, मजुरी किती, परत घ्याल तर घट किती, हे विचारल्याशिवाय ताट-वाटीला हात लावत नाही. भारतात सिल्व्हर ईटीएफला सेबीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये वाट करून दिली, आणि जानेवारी २०२२ पासून हे ईटीएफ बाजारात आले. कल्पना चांगली होती: तिजोरी नको, मजुरी नको, शुद्धतेची शंका नको. २०२५ च्या ऑक्टोबरात, धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात, चांदी जगभर पेटली. औंसाला ५० डॉलरच्या वर भाव गेला आणि भारतात प्रत्यक्ष चांदीचा तुटवडा पडला. ईटीएफचं नवं युनिट तयार करायला चांदीच मिळेना, आणि मागणी तर वाढतच होती. एक्सचेंजवर सिल्व्हर ईटीएफ आतल्या चांदीच्या हिशेबापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास महाग विकले जाऊ लागले. लोक शंभराची वस्तू एकशेदहाला घेत होते, आणि अ‍ॅपवर हिरवा आकडा बघून खूश होते. सराफाच्या पेढीवर याच माणसानं एवढी मजुरी ऐकून चपला घातल्या असत्या.

त्याच वेळी म्युच्युअल फंडांनी काय केलं ते बघा. कोटक, एसबीआय, यूटीआय, टाटा अशा फंडांनी आपल्या सिल्व्हर फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी पैसे घेणं काही काळ थांबवलं. हे फंड तुमचे पैसे घेऊन ईटीएफच विकत घेतात. महाग भावानं घेणं युनिटधारकांच्या हिताचं नाही, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. येणारा पैसा परतवणं हे या धंद्यात रोज दिसत नाही. पण तिथं निदान ‘आत्ता घेऊ नका’ असं सांगणारं कुणीतरी होतं. एक्सचेंजवर असं कुणी नव्हतं; ज्यानं मागितलं त्याला त्या भावाला युनिट मिळालं. दिवाळीच्या आसपास चांदी घसरली आणि वरची ती दहा टक्क्यांची सूजही उतरली. वर घेतलेल्यांना दोन्ही बाजूंनी मार बसला.

कुणी म्हणेल, हे चांदीचं झालं, निफ्टीचं काय? निफ्टीत असं सहसा होत नाही, हे वर सांगितलंच आहे. पण मग ईटीएफ घ्या असं सरसकट सांगू नका. कोणता ईटीएफ, रोजची उलाढाल किती, आयएनएव्ही (दिवसभर बदलत जाणारी अंदाजे एनएव्ही) कुठं बघायची, मार्केट ऑर्डर न टाकता लिमिट ऑर्डर कशी टाकायची, हे सगळं सांगा. एवढं सांगितल्यावर ‘सरळ ईटीएफ घ्या’ यातलं ‘सरळ’ उरत नाही. आणि भाव पटला नाही तर फंड कंपनीकडे जाण्याची सोय सामान्य माणसाला नाही. सेबीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कंपनीशी थेट व्यवहार करायला किमान २५ कोटींची ऑर्डर लागते. ईटीएफ बाजारात एनएव्हीपेक्षा एक टक्क्याहून जास्त स्वस्त झाला आणि तसाच सात दिवस राहिला, अशा मोजक्या परिस्थितीत छोट्यालाही कंपनीचं दार उघडतं. एरवी त्याच्यासाठी बाजारातला भाव हाच भाव. इंडेक्स फंडात पाचशे रुपयेवाल्याला आणि पाच कोटीवाल्याला त्या दिवशीची एनएव्ही एकच.

‘ईटीएफ दिवसभरात कधीही विकता येतो’ हा फायदा म्हणून सांगितला जातो. ४ जून २०२४ आठवा. लोकसभेचे निकाल लागत होते आणि निफ्टी दुपारपर्यंत आठ टक्क्यांहून जास्त कोसळला होता. बंद होताना घसरण सहा टक्क्यांच्या जवळ होती. तीनच दिवसांनी, ७ जूनला, तो ३ जूनच्या पातळीच्या वर बंद झाला. त्या दुपारी अ‍ॅप उघडून विकण्याची सोय ज्याच्याकडे होती, त्याचं त्या सोयीनं भलं केलं की वाटोळं? अमेरिकेत १९७६ मध्ये सामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड काढणारे जॉन बोगल यांच्याकडे ईटीएफचा प्रस्ताव आला होता, तो त्यांनी नाकारला. लोकांनी निर्देशांक घेऊन वर्षानुवर्षं सांभाळावा हा त्यांचा आग्रह होता, आणि दिवसभर विकता येणारी वस्तू नेमकी त्याच्या उलट वागायला लावेल अशी त्यांना धास्ती होती. १९९३ मध्ये दुसऱ्यांनी तो बाजारात आणला, तो खूप मोठा झाला, आणि बोगल शेवटपर्यंत आपल्या मतावर राहिले.

याहून गंभीर गोष्ट अशी की ईटीएफ ज्या अ‍ॅपवर मिळतो, त्याच अ‍ॅपवर बोटभर अंतरावर ऑप्शन मिळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं वायदे-ऑप्शन बाजाराचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यक्तिगत व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. त्यातला एक आकडा आपल्याकडे कुणी मोठ्यानं वाचला नाही: २०२३-२४ मध्ये या व्यापाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे आपण. म्युच्युअल फंडाच्या गुंतवणूकदारांत हेच प्रमाण ६२ टक्के. डीमॅट उघडणारा प्रत्येक जण जुगारी होतो असं कुणी म्हणत नाही. पण ‘ईटीएफसाठी डीमॅट उघड’ असा सल्ला देशमुखांच्या किंवा चौधरींच्या पोराला देताना आपण त्याला कुठल्या ओसरीवर नेऊन बसवतो आहोत, याचा विचार सल्ला देणाऱ्यानं करायला हवा.

ईटीएफवाल्यांचा आणखी एक आवडता पुरावा म्हणजे त्यांच्या फंडांचा आकार. लाखो कोटी रुपये ईटीएफमध्ये आहेत, ते घालणारे काय वेडे आहेत? त्या पैशातला मोठा भाग भविष्य निर्वाह निधीचा आहे. ईपीएफओनं ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या रकमेचा ठराविक हिस्सा ईटीएफमध्ये घालायला सुरुवात केली. आधी ५ टक्के, मग १०, मग १५. त्यांच्या एका व्यवहारात कोट्यवधी रुपये असतात, त्यांच्यासाठी ०.१५ टक्का ही प्रचंड रक्कम आहे, आणि भाव बघायला माणसं पगारावर आहेत. ईपीएफओला जे शहाणपणाचं, ते देऊळगाव राजाच्या कापड दुकानदाराला आपोआप शहाणपणाचं ठरत नाही. ज्याच्याकडे पन्नास लाख आहेत, डीमॅट आधीपासून आहे आणि शिस्तही आहे, त्यानं निफ्टीचा ईटीएफ खुशाल घ्यावा. वर्षाला साडेसात हजार वाचतील.

आता विश्वासाचा प्रश्न, कारण या जिल्ह्यात तो आधी विचारला जातो. तो विचारणाऱ्यांना मी हसणार नाही. २०१२ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँकेला ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली. मलकापूर अर्बन बँकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये खातेदारांना १०,००० रुपयांच्या वर काढता येईनात, आणि जुलै २०२३ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा होता म्हणून बहुतेकांची सुटका झाली. म्युच्युअल फंडांचाही इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. जुलै २००१ मध्ये यूटीआयनं आपल्या यूएस-६४ या योजनेची परतफेड सहा महिने थांबवली. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टननं कर्जरोख्यांच्या सहा योजना गुंडाळल्या; पैसे पुढं मिळाले, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. ईटीएफवाले हे दाखले देतात आणि ते द्यायलाच हवेत. फक्त हे दाखले इंडेक्स फंडाचे नाहीत. त्याच्या पोटात रोज विकले जाणारे मोठे शेअर असतात आणि ते कस्टोडियनकडे, तुमच्या योजनेच्या नावे असतात. फंड कंपनी बदलली तरी ते हलत नाहीत. याचा उत्तम पुरावा गंमत म्हणजे ईटीएफच आहे: निफ्टी बीज हा देशातला पहिला ईटीएफ बेंचमार्क कंपनीनं २००१ मध्ये काढला, मग तो गोल्डमन सॅक्सकडे गेला, तिथून रिलायन्सकडे, आणि २०१९ पासून निप्पॉनकडे आहे. चार मालक झाले, युनिटं जागच्या जागी. हे संरक्षण दोघांनाही सारखंच.

एसआयपीच्या जाहिरातबाजांनाही एक सांगायचं आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता, हे पगारदाराचं वेळापत्रक. सोयाबीन-कापसाचा पैसा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत येतो आणि मग खरीप पेरणीपर्यंत फक्त जातो. खात्यात पैसे नसताना हप्ता परतला की बँक दंड लावते. अशा घरासाठी माल विकल्यावर रक्कम लिक्विड फंडात टाकावी आणि तिथून दर महिन्याला थोडी थोडी त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात आपोआप वळती करावी, हे जास्त सोयीचं. ही सोय ईटीएफमध्ये नाही, कारण ईटीएफ प्रत्येक वेळी बाजारातूनच घ्यावा लागतो. बियाण्याचे आणि दवाखान्याचे पैसे मात्र यातल्या कशातच घालू नयेत.

सुरुवातीच्या वाक्याचा पहिला निम्मा भाग अजून बाकी आहे, दलालांचा. तो खरा आहे. फंड उद्योगाच्या भाषेत आपण ‘बी-३०’, म्हणजे पहिल्या तीस शहरांबाहेरचे. छोट्या गावांतून पैसा आणला तर योजनेला ०.३० टक्क्यापर्यंत जादा खर्च लावायची मुभा होती, आणि तो भुर्दंड योजनेतल्या सगळ्यांवर पडायचा. गैरवापराच्या तक्रारी झाल्या, तेव्हा मार्च २०२३ पासून सेबीनं ती थांबवली. रेग्युलर योजनेतलं कमिशन मात्र चालूच आहे, दरवर्षी, तुम्ही युनिटं ठेवाल तोवर. एखादा वितरक खरंच सल्ला देत असेल, घसरणीत तुम्हाला धरून ठेवत असेल, तर त्यानं ते कमावलं. फॉर्मवर सही घेऊन जो पुन्हा दिसलाच नाही, त्याला कशाचे पैसे? त्याच्यावर उपाय डायरेक्ट योजना हा आहे, आणि ती १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात आहे. त्यासाठी डीमॅट लागत नाही.

तेव्हा आपलं खात्याचं स्टेटमेंट काढा आणि योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’, एवढं वाचा. जुनी युनिटं डायरेक्टमध्ये वळवणं म्हणजे कायद्यानं विक्रीच. म्हणून एक्झिट लोड (लवकर विकल्याचं शुल्क) तपासा आणि वर्षाला सव्वा लाखाच्या माफ नफ्यात बसेल एवढंच हलवा. पुढचे हप्ते मात्र आजपासून डायरेक्टमध्ये लावता येतात, त्यावर कर नाही.